ऊन मिळाले, मैदान कुठे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या गोल्फ महाविद्यालयांवरचा लेख वाचला. 'बर्फ पडत नाही असे राज्य निवडा, म्हणजे बारा महिने खेळता येईल' असा त्याचा एकूण सूर. नेमक्या याच सल्ल्यावर माझ्या भाच्याने ॲरिझोनात दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला होता. मी ३४ वर्षे बँकेत लेखापरीक्षण केलेली बाई. माहितीपत्रकात 'वर्षातले तीनशे दिवस ऊन' असे छापले होते आणि ऊन खरेच तेवढे पडते. जमेची बाजू बरोबर होती, फक्त ती आमच्या खात्यात नव्हती.

भाचा ऑगस्टात पोहोचला. ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात उन्हाळ्यात पारा ४३ अंशांवर गेला तर कुणी मान वर करून बघत नाही. २०२३ मध्ये तर सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० फॅरनहाइट (म्हणजे तेच ४३ सेल्सियस) किंवा त्याहून जास्त होते. सराव पहाटे साडेपाचला सुरू आणि दहाला बंद. त्याचीही सवय झाली. पुढे हवा निवळू लागली, तर मैदानच बंद! तिथले बर्म्युडा गवत थंडी लागली की पिवळे पडून निजते. म्हणून दर शरद ऋतूत ते अगदी बुडापर्यंत कापतात, त्यावर थंडीत हिरवे राहणाऱ्या रायगवताचे बी पेरतात, पाण्याचा मारा करतात आणि ते उगवून येईपर्यंत दोन-तीन आठवडे कुणालाही आत पाय ठेवू देत नाहीत. माहितीपत्रकातले ते डोळे निववणारे हिरवे गवत दरवर्षी नव्याने पेरलेले असते, हे मला तेव्हा कळले.

मैदान उघडले आणि पाठोपाठ पाहुणे आले. उत्तरेकडची थंड राज्ये आणि कॅनडा इथून हजारो निवृत्त मंडळी हिवाळ्यापुरती तिथे राहायला येतात आणि मैदानाचे सगळे अर्थकारण त्या चार महिन्यांवर चालते. खेळण्याचे शुल्क उन्हाळ्याच्या कितीतरी पट. मग सकाळच्या वेळा विद्यार्थ्यांना कोण देणार? मैदानाच्या मालकाच्या जागी मी असते तरी दिल्या नसत्या. मुलांना दुपारी अडीचनंतर सोडत आणि डिसेंबरात तिथे साडेपाचच्या आत सूर्य मावळतो.

मी भाच्याला रोज तीन रकाने भरायला लावले: किती वाजता सोडले, किती होल झाले, का थांबलास. ('मावशी, तू रिटायर झालीस ना?' असे विचारून झाले.) जानेवारीच्या ३१ दिवसांत पूर्ण १८ होल, म्हणजे एक अख्खा डाव, झालेले दिवस ९. 'का थांबलास' या रकान्यात पाऊस एकदाच. बाकी सगळीकडे 'अंधार' आणि 'पुढे गर्दी'. म्हणजे हवा सर्वांत चांगली असते तेव्हाच विद्यार्थ्याला मैदान सर्वांत कमी मिळते. उबदार हवेची ही किंमत कुठल्याच शुल्कपत्रकात नसते.

म्हणून पालकांनी हवामानाचा तक्ता मागू नये. फेब्रुवारीतल्या कुठल्याही एका आठवड्याचा टी-टाइमचा, म्हणजे खेळ सुरू करायला नेमून दिलेल्या वेळांचा, तक्ता मागावा: कोणती वेळ कुणाला दिली, त्यात विद्यार्थी किती. मैदान संस्थेच्या मालकीचे आहे की बाहेरच्या क्लबशी करार आहे, हेही विचारावे. आम्ही पहिल्या वर्षाच्या शेवटी विचारले. 'विद्यार्थ्यांना मैदानाची सुविधा उपलब्ध आहे' एवढेच उत्तर आले. लेखापरीक्षणात असल्या वाक्यावर आम्ही लाल पेन्सिलीने खूण करत असू.

फ्लोरिडाचा हिशेब निराळा. तिथे उन्हाळ्यात दुपारी ढग दाटून येतात, वीज कडाडली की भोंगा वाजतो आणि ड्रायव्हिंग रेंज, म्हणजे लांब फटक्यांच्या सरावाची जागासुद्धा रिकामी करावी लागते. चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणजे पहिले सत्र जवळजवळ सगळे त्यातच. २८ सप्टेंबर २०२२ रोजी इयान वादळ फोर्ट मायर्सच्या किनारपट्टीवर आदळले आणि गोल्फ व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम असलेले फ्लोरिडा गल्फ कोस्ट विद्यापीठ त्याच भागात आहे. म्हणून तिकडे जाऊच नये असे नाही. पण वादळाने बुडालेले तास कसे भरून देता, हे विचारण्यात गैर काय?

थंड प्रदेशाला आपण उगाच बाद करतो, हेही लिहायला हवे. 'पीजीए ऑफ अमेरिका' या व्यावसायिक गोल्फ प्रशिक्षकांच्या संघटनेची मान्यता असलेला पहिला गोल्फ व्यवस्थापन अभ्यासक्रम १९७५ मध्ये सुरू झाला तो मिशिगनच्या फेरिस स्टेट विद्यापीठात, जिथे भरपूर बर्फ पडतो. या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांत १६ महिने प्रत्यक्ष कामाचे असतात आणि ते काम दुसऱ्या राज्यातल्या क्लबमध्येही करता येते. म्हणजे ऊन हवेच असेल तर तिथून जाऊन गाठता येते. निव्वळ स्पर्धेचे म्हणाल तर शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्नचा ल्यूक डोनाल्ड १९९९ मध्ये अमेरिकेचा महाविद्यालयीन विजेता होता आणि २०२५ मध्ये त्याच विद्यापीठाच्या मुलींनी कॅलिफोर्नियात जाऊन तिथल्याच स्टॅनफर्डला राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत हरवले. उलट बाजूही सांगते, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल: आपला गोल्फपटू जीव मिल्खा सिंग टेक्ससच्या ॲबिलीन ख्रिश्चन विद्यापीठातून खेळला आणि १९९३ मध्ये महाविद्यालयीन स्पर्धांच्या दुसऱ्या श्रेणीचा राष्ट्रीय विजेता झाला. टेक्ससचा उन्हाळा त्याला बाधला नाही.

लेखात एक गोष्ट पूर्ण राहून गेली. महाविद्यालयाच्या संघातून खेळणे वेगळे आणि गोल्फचा व्यवसाय शिकणे वेगळे. पहिल्यात गुणपत्रिकेइतकेच तुमचे स्कोअर बघतात. दुसऱ्यात दुकानाचा साठा, स्पर्धांचे नियोजन, शिकवण्याची पद्धत, गवताची निगा हे सगळे येते. भाच्याला वाटले होते दोन्ही एकत्र मिळेल. शिवाय संस्था टिकाऊ आहे का, हे हवेआधी तपासावे. 'गोल्फ अकॅडमी ऑफ अमेरिका'च्या शाखा ॲरिझोना, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा अशा उबदार ठिकाणीच होत्या. २०१८ च्या डिसेंबरात मूळ कंपनीने आपल्या संस्था एकाएकी बंद केल्या आणि अर्ध्यावर असलेली मुले तशीच राहिली. तिथेही ऊन होतेच की.

भाचा आता दुसऱ्या राज्यातल्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात आहे. तिथे जानेवारीत दहा-बारा दिवस हिमकण पडतात आणि मुले छताखाली पटिंग, म्हणजे होलजवळच्या हलक्या फटक्यांचा सराव, करतात. मैदान विद्यापीठाचे स्वतःचे आहे. तीन रकाने तो अजून भरतो, मी न सांगता. गेल्या फेब्रुवारीत १८ होलचे दिवस १४ झाले.

ता. क. पुरवणीतला फोटो मी भिंग लावून पाहिला. सावल्या लांब आहेत, अंगात स्वेटर आहेत, म्हणजे हिवाळ्यातली सकाळ. फोटोखाली 'सराव करताना विद्यार्थी' असे छापले आहे. माणसे सात दिसतात आणि सातांचेही केस पांढरे आहेत.

आपली,
एक निवृत्त लेखापरीक्षक