अ‍ॅलर्जीचं पॅकेज नंतर, आधी मुलाकडे बघा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परवा पेपरच्या घडीतून एक रंगीत पत्रक पडलं, एकाच रक्तात दोनशेच्या वर पदार्थांची अ‍ॅलर्जी तपासा, मुलांसाठी खास सूट वगैरे. मी इंदूरला राजेंद्रनगरात बरीच वर्षं पाळणाघर चालवते आणि असले रिपोर्ट घेऊन येणारे आईबाप आता नवीन राहिले नाहीत, म्हणून लिहितेय. मागे एका चार वर्षांच्या पोराची आई असाच जाडजूड रिपोर्ट घेऊन आली, दूध लाल, गहू लाल, तूर लाल, केळंसुद्धा लाल, आणि डब्यात काय तर मुरमुरे नि सफरचंदाच्या फोडी. अहो तो मुलगा माझ्याकडे रोज दूधपोळी खायचा, कधी पुरळ नाही की उलटी नाही, तक्रार होती ती सकाळच्या शिंकांची! रिपोर्ट नीट पाहिला तर तपासणी आयजीजीची, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या अँटिबॉडीची (प्रतिपिंडाची). आयजीजी वाढलेलं म्हणजे शरीराला त्या पदार्थाची ओळख आहे एवढंच, जे रोज खातो ते त्यात दिसणारच की. अन्नाची अ‍ॅलर्जी ठरवायला ही टेस्ट वापरू नका असं अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संस्था कधीपासून सांगतायत. लगेच उठणाऱ्या अ‍ॅलर्जीत बघायचं असतं ते आयजीई, म्हणजे ती अ‍ॅलर्जी घडवणारी वेगळी अँटिबॉडी.

पुढे त्यांच्या डॉक्टरांनी प्रिक टेस्टला, म्हणजे कातडीवर टोचून करायच्या तपासणीला पाठवलं, मीही सोबत गेले होते. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा, प्रत्येक खुणेपाशी एक थेंब आणि त्यातून हलकीशी टोच, रक्त वगैरे काही नाही. एक थेंब हिस्टामिनचा, म्हणजे अ‍ॅलर्जीत शरीरात सुटणाऱ्या रसायनाचा, तिथे गांधी उठायलाच हवी, एक साध्या सलाईनचा, तिथे उठायला नको. 15-20 मिनिटांनी पट्टीने मोजतात, सलाईनपेक्षा 3 मिमी किंवा जास्त फुगली तर पॉझिटिव्ह. याची फुगली ती धुळीतल्या माइटची, म्हणजे गादी-उशीत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याची, दूध-गव्हाच्या जागी काहीच नाही. सेट्रिझिनसारखी अ‍ॅलर्जीची गोळी चालू असेल तर ती काही दिवस आधी बंद ठेवावी लागते नाहीतर टेस्ट खोटं बोलते, आणि गोळी बंद करणं जमणार नसेल तर रक्तातून त्या-त्या पदार्थाचं आयजीई बघतात. पण यातही पॉझिटिव्ह आलं म्हणजे झालीच अ‍ॅलर्जी असं नाही हं, मुलाला खरंच त्रास होतो का ते जुळावं लागतं. शंका उरली तर हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांसमोर थोडं थोडं खायला घालून बघतात, घरी हा प्रयोग अजिबात नको.

म्हणून आधी वही करा. काय खाल्लं, किती वेळाने काय झालं, दर वेळी तेच होतं का. अन्नाचा त्रास बहुतेक काही मिनिटांत ते दोन तासांत दिसतो, गांधीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा कारण डॉक्टरांकडे पोचेपर्यंत ती गायब. आणि ताप नसताना महिनोन् महिने "सर्दी", तळहाताने नाक वर वर चोळणं, डोळ्यांखाली काळं, हे बघून लगेच दूध बंद करू नका, आधी गादी-रजई बघा, चादरी आठवड्यातून एकदा कडकडीत गरम पाण्यात धुवा.

आपल्या मराठी घरात शेंगदाण्याचं कूट कशात नसतं, सांगा बरं? त्यात काजूकतली, संक्रांतीचे तीळ. अंगावर पित्त उठलं की आमसूल चोळतात, नुसतं पित्त असेल तर चोळा बापडे, पण ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वासाला घरघर लागली, उलट्या थांबेनात किंवा मूल मलूल पडलं तर आमसूल नाही नि गोळीही नाही, सरळ इमर्जन्सी गाठा. तिथे मांडीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन हाच पहिला उपाय, मुलाला उभं करू नका, चालवू नका.

उलट भीतीपोटी शेंगदाणा वर्षानुवर्षं लांब ठेवणंही बरोबर नाही. 2015 साली लंडनमधल्या अभ्यासात ज्यांना धोका जास्त अशा तान्ह्यांना 4 ते 11 महिन्यांतच शेंगदाणा सुरू केला तर पाचव्या वर्षी अ‍ॅलर्जी सुमारे 80 टक्के कमी दिसली. अर्थात बारीक वाटून, अख्खा दाणा घशात अडकतो, आणि अंगावर जबर एक्झिमा (कोरडे, खाजरे चट्टे) असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

पाकिटबंद मालावर अ‍ॅलर्जीचे पदार्थ छापावे लागतात पण मिठाईच्या दुकानातल्या सुट्या मालाचं काय, विचारल्याशिवाय कोण सांगतं! माझ्या प्रवेश फॉर्मवर आता रकाना आहे, कशाने, काय होतं, कोणी तपासलं, आणि कुठल्या हॉस्पिटलला न्यायचं. इथल्या शाळांनी आणि गणपती मंडळांच्या शिबिरांनीही तो घालावा, आणि आपण एखाद्या रविवारी बालरोगतज्ज्ञांकडून यावर पानभर लिहून घ्यावं ही विनंती.

आपली,
पाळणाघरवाली एक काकू, इंदूर