चौथ्या टायरचा आकडा

प्रिय दादू,

रविवारी तुझ्याशी भांडून निघालो, तेव्हापासून फोन हातात घेतोय आणि परत ठेवतोय. ‘विकून टाक ती गाडी’ असं रागाच्या भरात बोलून गेलो. तसं मनात नव्हतं. दोन वर्षं पाठ मोडेस्तोवर राबून तू ती कोब्रा, त्या जुन्या स्पोर्ट्स कारची नक्कल, उभी केलीस. बॉनेट उघडून दाखवताना तुझा चेहरा, सायकलवरचा माझा हात सुटला तरी तू पडला नाहीस, त्या दिवशी होता तसा झाला होता. मडगार्डवरून हात फिरवला तरी ते फायबरचं आहे हे पटेना मला.

पण तेवढे टायर बदल.

खाली बसून मी कडेचे आकडे वाचले. ३५१६. म्हणजे २०१६ सालचा ३५वा आठवडा. नक्षी कोरी करकरीत आहे म्हणून तू हसलास. अरे, नक्षी धावून झिजते, रबर मात्र नुसतं उभ्या उभ्याही कडक होतं. तसलं रबर थंड रस्त्यावर, ओल्या रस्त्यावर पकडच घेत नाही. त्यात इंजिन सात लिटरचं आणि पुढच्या-मागच्या चाकांत जेमतेम ९० इंच, १९६५च्या मूळ कोब्रा ४२७ सारखंच. मागची चाकं सुटली की एवढी आखूड गाडी सावरायला वेळ देत नाही. घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन उचललास तर आणखीच फिरते. रोजच्या गाडीत ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारं एबीएस असतं, चाकं जागीच फिरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल असतं, आपल्या चुका पोटात घालतात ती. हिच्यात फक्त तुझा पाय आहे.

झालं माझं भाषण सुरू. माफ कर. हे सगळं तुला माझ्याहून जास्त कळतं.

आईच्या पोटरीवर फोड आलाय. उतरताना बाजूच्या सायलेन्सरला पाय टेकला. ‘त्याला सांगू नकोस’ म्हणाली मला, तेव्हा मी सांगितलं हे तिला कळू देऊ नकोस. आणि तो रोल बार, गाडी उलटली तर डोकं वाचवणारी ती सीटमागची नळी. दिसतो झकास, पण तू बसलास की डोकं त्याच्या वर जातं. मागे उभा राहून दोनदा पाहिलं मी. खांद्यावरचे पट्टेही खाली जमिनीला बांधलेत. धडक बसली तर ते खांदे खाली ओढतील आणि सगळा भार मणक्यावर येईल. ते खांद्याच्या उंचीला बांधून घे.

आप्पाच्या गाडीतली ती संध्याकाळ तुला आठवायची नाही, चार वर्षांचा होतास. पाऊस नुकताच थांबला होता. गाडी वळणावर फिरली ती आवाज न करता. पूर्ण गिरकी घेऊन उलट्या तोंडाने उभी राहिली. मी मागे वळून पाहिलं तर तू टाळ्या वाजवत होतास, ‘पुन्हा, पुन्हा’ म्हणत. आप्पाचे हात स्टिअरिंगवरून निघेनात. त्याच्याही टायरची नक्षी चांगली होती रे.

नवे टायर माझ्याकडून, वाढदिवसाचे समज. नाही म्हणू नकोस. चाकं बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनी नट पुन्हा आवळून घे. मग मला न्यायला ये, मी शेजारी बसेन आणि तोंड उघडणार नाही.

रविवारी तीनच टायरचे आकडे वाचता आले. मागच्या डावीकडच्या टायरचा आकडा आतल्या बाजूला आहे. टॉर्च घेऊन खाली वाक, वाच आणि आजच कळव.

तुझा,
बाबा