संवर्धनाच्या वाटेवर परकीय भाषेची गरज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीच्या निकालानंतर करिअरविषयी जे मार्गदर्शन छापून येते, त्यात परकीय भाषांचा उल्लेख बहुधा आयटी, पर्यटन किंवा जर्मनीतील रुग्णसेवा एवढ्यापुरताच असतो. वन्यजीव व जैवविविधता संवर्धनाचे काम परदेशात करू इच्छिणाऱ्या मुलामुलींना भाषेची किती गरज पडते, हे फारसे कोणी सांगत नाही. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. कास, कोयना आणि चांदोली यांचा समावेश असलेला पश्चिम घाट २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरला आणि त्यानंतर या क्षेत्राकडे वळणारी आपल्या भागातली मुले मी जवळून पाहिली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

इंग्रजी आले की जगात कुठेही काम करता येते, असे मुलांना वाटते. शोधनिबंध आणि मुख्यालयातील बैठका यांपुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण जंगल ज्या देशात आहे, तिथल्या वनरक्षकाशी आणि गावकऱ्याशी इंग्रजीत बोलता येईलच असे नाही. जगातील दुसऱ्या क्रमांकाचे उष्णकटिबंधीय वर्षावन काँगोच्या खोऱ्यात आहे आणि तिथल्या बहुतेक देशांचा सरकारी कारभार फ्रेंचमध्ये चालतो. लेमूरांच्या मादागास्करमध्येही मालागासीच्या जोडीने फ्रेंच लागते. लॅटिन अमेरिकेत स्पॅनिश, ब्राझीलमध्ये पोर्तुगीज, केनिया-टांझानियात स्वाहिली आणि हिमबिबट्यांच्या मध्य आशियात रशियन उपयोगी पडते. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइटीस' कराराचे कामकाजही इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश अशा तीन भाषांत चालते.

दुभाषा घेऊन भागेल, असे कोणी म्हणेल. कोयनेच्या परिसरात बाहेरच्या एका अभ्यासकाबरोबर धनगरवाड्यावर गेले असता मी जे पाहिले, त्यावरून मला ते पटत नाही. बिबट्याने वासरू नेले तेव्हा गोठ्याचे दार कसे होते, कुत्री कोणत्या बाजूने भुंकली, पंचनाम्याला माणूस कधी आला, हे सारे एक आजोबा तपशीलवार सांगत होते. दुभाष्याने मात्र "एक वासरू गेले" एवढेच सांगितले आणि वहीतही तेवढेच उतरले. वास्तविक, गोठा कसा बांधला तर नुकसान टळेल, याचे उत्तर त्या गाळलेल्या तपशिलातच होते. आपली मुले उद्या परमुलखात जातील, तेव्हा त्या अभ्यासकाच्या जागी तीच असतील.

वाचनाचेही तसेच. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जैवविविधता संवर्धनविषयक पंच्याहत्तर हजारांवर दस्तऐवजांची पाहणी संशोधकांनी केली, तेव्हा त्यांतील सुमारे ३६ टक्के इंग्रजीखेरीज अन्य भाषांत आढळले आणि त्यांत स्पॅनिश व पोर्तुगीज यांचा वाटा सर्वांत मोठा होता.

निव्वळ भाषेच्या प्रमाणपत्रावर या क्षेत्रात नोकरी मिळत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. प्रजातींची ओळख, कॅमेरा ट्रॅपची (प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्याची) हाताळणी, नकाशे व सांख्यिकी यांचा पाया पक्काच हवा. परंतु हे सारे येणारे अनेक उमेदवार असतात, तेव्हा स्थानिक समित्यांशी थेट बोलू शकणाऱ्याची निवड होणे स्वाभाविक आहे. त्यासाठी मुलांनी आधी प्रदेश आणि काम ठरवावे व मग भाषा निवडावी. मैत्रीण जर्मन शिकते म्हणून आपणही जर्मन, असे करू नये. भाषाज्ञानाच्या युरोपीय मोजपट्टीवरील बी-२ पातळी, म्हणजे स्वतंत्रपणे संवाद साधता येण्याइतकी तयारी, गाठायला सवड लागते, म्हणून पदवीच्या पहिल्याच वर्षी सुरुवात केलेली बरी.

सातारा-सांगलीकडची अनेक मुले यासाठी पुण्याला जातात. ज्यांना तिथे राहणे परवडत नाही, ती बेत सोडून देतात. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाबाहेरचे श्रेयांक घेण्याची सोय आहे, तिचा उपयोग करून येथील विज्ञान महाविद्यालयांनी एकत्र येऊन फ्रेंच आणि स्पॅनिशचे वर्ग साताऱ्यातच सुरू करावेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. हे वर्ग दुपारी असावेत, म्हणजे पाटण आणि मेढ्याकडच्या मुलींना अंधार पडण्यापूर्वी एसटीने घरी पोहोचता येईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा