दिन्या, अप्पांना कुठं जेवायला नेऊ?

लिस्बन, १८ मे

दिन्या,

सात महिने पत्र नाही, फोन नाही, तुझ्या वाढदिवसाला नुसता केकचा फोटो. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे.

अप्पा येतायत. ११ जूनला. व्हिसाची कागदं मी जानेवारीत पाठवली होती, ती ते खरंच वापरतील असं वाटलं नव्हतं. बाळूकडून तिकीट काढून घेतलं आणि मला फोनवर म्हणाले, "वारीच्या आत परत जायचंय, पंधरा दिवस येतो. खायची सोय काय?" पोरगा कसा आहे, घर कसं आहे, काही नाही. खायची सोय! तेव्हापासून झोप उडालीय.

त्यात दिवस कुठला निवडला बघ. १२ जूनच्या रात्री इथं सांत अँतोनियोचा सण. आल्फामा, मोरारिआच्या गल्ल्यांत दारादारांत शेगड्या मांडून तार्ली भाजतात. आमचं घर त्याच चढावर. माळ घातलेला माणूस, आणि खिडकी उघडली की मासळीचा धूर.

इथं टास्का म्हणून छोट्या खाणावळी असतात. तुला बघताक्षणी आवडतील, आपली मेसच. आठ-दहा टेबलं, वर कागद अंथरलेला, दारात हातानं लिहिलेला आजचा बेत. सूप, एक ताट, कॉफी, सगळं दहा युरोच्या आसपास. मालक हिशोब त्या अंथरलेल्या कागदावरच पेनानं मांडतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा काही मागायच्या आतच पाव, ऑलिव्ह आणि चीज समोर आलं. मला वाटलं, काय अगत्य! सगळं साफ केलं. बिलात प्रत्येकाचे वेगळे पैसे. नियम असा, की हात लावला नाही तर फुकट परत जातं, लावला की लागले. मी तिथंच एकटा हसत सुटलो. सदूभाऊंचा जादा पापड रे! तू तीन दिवस मेसवर बहिष्कार घातलास, आणि दुसऱ्या दिवशी मी गुपचूप जाऊन जेवलो. हे तुला अजून माहीत नाही असं आपण समजू.

तर अप्पांना काय खाऊ घालायचं? काल्दु वेर्द नावाचं सूप आहे. बटाट्याचं दाटसर, त्यात हिरव्या कोबीचा पाला केसासारखा बारीक चिरलेला. बटाटा, कोबी, पाव हे आपले शब्दच मुळी इथून आलेले. म्हटलं, अप्पांना ओळखीचं वाटेल. पण वर सॉसेजची एक लाल चकती तरंगत असते. 'ती नको' म्हटलं तर देतात तसं, पण पातेलं तेच ना. भाताच्या डावासाठी अप्पांनी पंगत उठवली होती, तू होतास. मग फरसबीच्या शेंगा पिठात घोळून तळतात, दिसायला निव्वळ भजी. नाव काय, तर 'बागेतले मासे'! नाव लपवीन मी, पण पिठात बऱ्याचदा अंडं असतं. इथला जगप्रसिद्ध गोड पदार्थ, नाता, तोही अंड्याच्या बलकाचा. बेलेंला त्याचं १८३७ पासूनचं दुकान आहे, बाहेर ही भली मोठी रांग. अप्पांना रांग दाखवायला नेईन, दर्शनबारी बघून बरं वाटेल.

राहिलं लुमियारचं राधाकृष्ण मंदिर. दीव, गुजरातकडची माणसं मोझांबिकला गेली होती, १९७५ ला तो देश स्वतंत्र झाल्यावर त्यातली बरीच इकडं आली, त्यांचं हे देऊळ. तिथं शाकाहारी खाणावळ आहे. पुऱ्या, भाज्या, सगळं व्यवस्थित. पण वरण गोड. जगात तुझं नि अप्पांचं एकाच गोष्टीवर एकमत, डाळीत गूळ घालणाऱ्याला दारात उभं करू नये. एक दिवस चालेल, पंधरा दिवस?

खरं सांगू का, भीती सूपची नाहीच. मी कुठंही नेलं तरी अप्पा पिशवीतून फडकं काढणार. भाकरी, ठेचा, कांदा. टिळक रोडच्या त्या संध्याकाळसारखं. वेटर अंगावर आला तेव्हा "काकांना पथ्य आहे" असं तू सांगितलंस आणि त्यांच्यासोबत भाकरी मोडून खात बसलास. मी बाहेर पानाच्या टपरीवर. वीस मिनिटं सुपारीच्या पुड्या मोजत उभा होतो. तू त्याबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाहीस. अप्पांनीही नाही. फक्त प्रत्येक फोनवर तुझी चौकशी माझ्या आधी.

आता इथं टपरीही नाही, दिन्या.

म्हणून काल कोपऱ्यावरच्या टास्कात जाऊन मालकीणबाईंना पाठ केलेलं पोर्तुगीज म्हणून दाखवलं, माझे वडील येतायत, ते स्वतःचा पाव घरून आणतात, इथं बसून खाल्ला तर चालेल का? बाईंनी हसून मान डोलावली आणि माझ्यासमोर पावाची टोपली आणून ठेवली. खाल्ला. बिलात लागला.

माऊचा दहावीचा निकाल कधी? वहिनींची बदली थांबली का? बागेत पाणी शिरलं होतं ते बाळूकडून कळलं, सविस्तर लिही. मी विचारायला उशीर केला, माहितेय.

एक काम कर. अप्पांना फोन करून बॅगेत काय काय भरताय ते विचार. मला सांगणार नाहीत, तुला सांगतील. तूप आणि कंदी पेढे काढायला लाव, दुधाचं काही इथं आणू देत नाहीत, विमानतळावर काढून घेतील आणि अप्पा तिथंच भांडत बसतील. भाकरी राहू देत. दोन माणसांच्या घ्या म्हणावं.

तुझा,
संज्या