लांडग्याच्या घरी डुक्कर

गावभाग, सांगली
१२ ऑगस्ट

प्रिय दिग्या,

फोन सोडून पत्र आलं म्हणून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनवर बोलायला लागलो की मी ऐन वेळी विषय बदलतो, हे तू गेली वीस वर्षं बघतोयस. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावं.

चार दिवस पाऊस हटलेला नाही. कोयनेतून किती सोडलं आणि आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर, गल्लीत दुसरं बोलणं नाही. परवा दुपारी लाइट गेली, तेव्हा पुतण्यानं सुट्टीत आणून इथंच टाकलेले कॉमिकचे जाड खंड घेऊन बसलो. ‘फेबल्स’ नावाचं आहे. बिल विलिंगहॅम या अमेरिकन लेखकानं २००२ मध्ये सुरू केलं, २०१५ मध्ये १५०व्या अंकावर थांबवलं. दोन रात्री मेणबत्तीवर वाचत होतो. बायको म्हणाली, एवढा अभ्यास बारावीला केला असता तर.

मर्दा, कल्पना ऐक. परीकथांतल्या सगळ्या मंडळींचा मुलूख एका शत्रूनं बळकावलाय. ही माणसं जीव वाचवून न्यूयॉर्कमध्ये आलीत आणि आपल्यासारख्यांच्या गर्दीत ओळख लपवून राहतायत. (शत्रू कोण, ते सांगत नाही. तुझं तूच वाच आणि तोंडात बोट घाल.) बेडकाचा झालेला राजपुत्र तिथं झाडलोट करतो. महापौर आहे इंग्रजी बडबडगीतातला ओल्ड किंग कोल, पण कारभार सगळा उपमहापौर हिमगौरीच्या डोक्यावर. काम बाईचं आणि हार महापौराच्या गळ्यात, म्हणजे ते गाव अगदीच परकं वाटत नाही. आणि हिमगौरी, सिंड्रेला, झोपलेली राजकन्या, या तिघींना वरून नेणारा राजपुत्र एकच! तिघींशीही काडीमोड झालेला. लहानपणी आपण तिन्ही गोष्टी ऐकल्या, त्याला कुठंच धड नाव नाही हे कधी खटकलं का आपल्याला?

सुरुवातीलाच राक्षस आणि सुंदरी नवराबायकोचं भांडण घेऊन हिमगौरीच्या कचेरीत येतात. ती चिडली की ह्याला शिंगं फुटायला लागतात. शेकडो वर्षांचा संसार, आणि नवऱ्याचं माणूसपण बायकोच्या त्या दिवसाच्या मूडवर! मी ते पान बायकोला दाखवलं. ती नुसती हसली. मी कपाळ चाचपून बघितलं.

पण मला धरून ठेवलं ते लांडग्यानं. लाल टोपीवाल्या पोरीच्या गोष्टीतला तोच. त्याचं नाव बिगबी, आपल्याकडे बिग बी म्हटलं की भलताच माणूस डोळ्यापुढे येतो, पण असो. हा आता माणसाच्या रूपात असतो, दाढी वाढलेली, तोंडात सिगारेट, आणि गावाचा पोलीस आहे. कसा? तर नव्या गावात राहायला येताना सगळ्यांनी एक करार केलाय: मागचे गुन्हे माफ. कुणी कुणाला खाल्लं, कुणी कुणाचं घर पाडलं, सगळ्यावर पाणी. तरी गंमत बघ. तीन डुकरांपैकी एक जण शेतावरून पळून शहरात येतो (ज्यांना माणसासारखं दिसता येत नाही त्यांना लांबच्या शेतावरच राहावं लागतं, त्यातही एक वेगळी कडवट गोष्ट आहे) आणि थेट लांडग्याच्या घरी मुक्काम ठोकतो. लांडगा कुरकुरतो, पण हाकलत नाही. घर फुंकून पाडलंय ना त्याचं! कागदावर माफी झाली तरी डुकराला रात्री झोपायला जागा लागतेच.

आता तू म्हणशील, परीकथेत सिगारेटी आणि खून आणले की झालं आधुनिक. तसले अंकही चाळले मी, दुसऱ्या एका कंपनीचे. त्यात सिंड्रेलाचे कपडे कमी आणि रक्त जास्त, बाकी काही नाही. आणि रक्ताचं कौतुक कसलं? ते मुळातच होतं. फ्रेंच लेखक पेरोनं १६९७ मध्ये छापलेल्या लाल टोपीवालीच्या गोष्टीत लांडगा पोरीला खातो आणि गोष्ट तिथंच संपते, सोडवायला कुणी येत नाही. ग्रिम बंधूंच्या १८१२च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई आहे. १८१९च्या आवृत्तीत त्यांनी तिची सावत्र केली. शेवटी राणीला तापून लाल झालेल्या लोखंडी बुटांत मरेपर्यंत नाचवतात, ते मात्र ठेवलं. गोड केलं ते नंतरच्यांनी. विलिंगहॅम रक्तावर थांबत नाही. ‘सुखानं राहू लागले’ म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी भाडं कुणी भरलं, ते तो विचारतो.

आपल्याकडचं घे. एक होती चिमणी, एक होता कावळा. मोठा पाऊस आला नि कावळ्याचं शेणाचं घर गेलं वाहून. ‘चिऊताई चिऊताई दार उघड’ म्हणत तो भिजतोय, आणि ती आतून सांगते, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब, तीट लावते. ही गोष्ट सांगलीत बसून वाच आणि मला सांग, ह्यात आणखी काळं काय घालायचं! २०१९ला पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी ४५), तेव्हा आम्ही सहा जण मिरजेत आत्तीच्या दारात उभे होतो. तिनं पहिल्या हाकेला दार उघडलं. पण बेल वाजवली आणि कडी निघाली, तेवढ्या वेळात मी कावळा होतो, हे अजून विसरलेलो नाही.

आणि इथंच मला जे सांगायचंय ते येतं. तुझी वही.

ती दोनशे पानी, जिच्यात तू भोपळ्यातल्या म्हातारीची चित्रं काढलेलीस. वाघ म्हातारा होऊन रस्त्याकडेला वाट बघत बसलाय, ‘लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होते’ ह्या शब्दावर विसंबून, आणि भोपळा त्याच्यासमोरून टुणूक टुणूक जातोय. बावीस वर्षांचे होतो आपण. लांडग्याला पोलीस करणारी पुस्तकं माझ्या हातात पडायच्या आधीच तू वाघाला फसवून ठेवलेलास. नाशिकला जाताना माझ्याकडे ठेवून गेलास, ‘जपून ठेव’ म्हणालास. मी ती खालच्या कपाटात, खालच्या फळीवर ठेवली.

पाणी ओसरल्यावर कपाट फोडावं लागलं, दार फुगून बसलेलं. वही विटेसारखी झालेली. मधे चाकू घालून पानं सोडवायला गेलो तर पापडाच्या ओल्या लाट्या एकमेकींना चिकटाव्यात तशी ती निघाली. शाईपेनानं काढलेलं सगळं वाहून निळं झालेलं. बॉलपेननं केलेलं तेवढं राहिलं: एका पानावर वाघाच्या मिशा आणि एक डोळा, बाकी गाळ. ते पान मी वाळवून गाथेत ठेवलंय. उरलेली वही गल्लीतल्या चिखलाच्या ढिगावर गेली, ट्रॉलीतून.

तू दोनदा विचारलंस. दोन्ही वेळा मी ‘आहे, आहे, वर माळ्यावर आहे’ म्हणालो.

ते पान पोस्टानं पाठवत नाही, पाऊस आहे. गणपतीत ये आणि घेऊन जा. येताना तुझी पेनं आण, ह्या वेळी बॉलपेनच. राहायचं नेहमीसारखं आमच्याकडे. पुढच्या खोलीतल्या दिवाणावर तूच झोप, मी खाली गादी घालून घेईन. कितीही दिवस राहिलास तरी कुरकुरेन फक्त, हाकलणार नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आईनं भडंगाचा पुडा बांधून ठेवलाय.

तुझा,
बंड्या