हीटरचं तोंड भिंतीकडे फिरवणाऱ्या डॉक्टरताईंना

डॉक्टरताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही माझ्या लेकीच्या वयाच्या, तरी हात जोडूनच लिहिते आहे.

जानेवारीतली ती सकाळ तुम्हाला आठवणारही नाही. ग्वाल्हेरात धुकं असं दाटलं होतं की महाराज बाड्याच्या चौकातून येताना पुढचा टेम्पो दिसेना. तुमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात, खोलीबाहेरच्या बाकावर मी पदरानं डोळे टिपत बसले होते. तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी आत बोलवायला आलात, क्षणभर माझ्याकडे पाहिलंत, आणि वाकून हीटरचं तोंड भिंतीकडे फिरवलंत. माझा नंबर यायला अजून वेळ होता. माझं नावही तुम्हाला ठाऊक नव्हतं.

त्याआधीचे तीन महिने कसे गेले ते सांगते. दिवाळी सरली आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं. तीस वर्षं मी घरी ब्लाउज शिवते. सुईत दोरा ओवेना झाला. डिसेंबरात तानसेन समारोहाचं गाणं ऐकायला हजिऱ्याला, तानसेनच्या समाधीपाशी गेलो, तर गार वाऱ्यानं डोळ्यांतून अशी धार लागली की अर्ध्यातून उठून आले. ते मला फार लागलं. लग्न होऊन या गावात आल्यापासून समारोह मी चुकवलेला नाही.

एका मोठ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी संगणकावरची नजर न काढता सांगितलं, "वय झालं. आणि पाणी येतंय म्हणजे डोळे कोरडे कसे असतील?" दोन मिनिटांत बाहेर. औषधाच्या दुकानात विचारलं, तर त्यानं चिठ्ठी न मागता एक बाटली हातात दिली. थेंब घातले की लाली उतरायची, म्हणून महिनाभर घालत राहिले. तीच बाटली तुम्ही उजेडात धरून वाचलीत आणि तुमचा चेहरा बदलला. "काकू, हे स्टेरॉइड आहे. असं मनानं घालत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू होऊ शकतो." लगेच दाब तपासलात. ठीक निघाला तेव्हा माझ्याआधी तुम्हीच सुस्कारा सोडलात. ज्यानं ती बाटली विकली त्याला आजही काही वाटत नसेल, याचा मला राग आहे आणि तो जाणार नाही.

मग पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलंत. ती जेमतेम चार मिलिमीटर भिजली. ज्या डोळ्यांतून दिवसभर पाणी वाहत होतं, तेच कोरडे! तुम्ही समजावलंत ते मी आता गल्लीत सगळ्यांना सांगते. अश्रूंवर तेलाची बारीक साय असते, ती पापण्यांच्या कडेच्या ग्रंथी सोडतात. साय तुटली की खालचं पाणी उडून जातं, डोळ्याला टोचतं, आणि तो घाबरून भसाभस पाणी सोडतो. पण ते पाणी डोळ्यात टिकत नाही, गालावर ओघळतं. थंडीची हवा मुळातच कोरडी, त्यात बंद खोलीत हीटर तोंडावर, आणि सुईकडे टक लावून बघताना पापणी मिटायची राहून जाते. शिंकांसाठी रोज रात्री घेत होते ती गोळीसुद्धा डोळे सुकवते, हे तर मला कुणीच सांगितलं नव्हतं.

आता हीटर पायांकडे, तोही थोडा वेळ. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात पिळलेला रुमाल मिटल्या डोळ्यांवर दहा मिनिटं, मग पापण्यांच्या कडा बोटानं हलकेच दाबायच्या. छोट्या कुप्यांतले थेंब, ज्यांत थेंब खराब होऊ नयेत म्हणून घालतात ते औषध नसतं. स्कूटरवर ह्यांच्या मागे बसताना बाजूनं बंद असलेला चष्मा. नणंद गुलाबपाणी घालायचा आग्रह करते, तिला तुमचं नाव सांगून गप्प करते. महिना झाला, खुपणं पुष्कळ कमी आहे.

पण हे सगळं नीट ऐकलं आणि पाळलं, ते त्या हीटरमुळे. माझी आई उन्हाळ्यात दारी आलेल्याला, मग तो दूधवाला का असेना, पाणी विचारायच्या आधी उन्हाकडे पाठ होईल असं बसवायची. तो कोण, काय काम, ते नंतर. तिला जाऊन अठरा वर्षं झाली. त्या दिवशी तुम्ही वाकलात तेव्हा ती दिसली. अशी माणसं अजून आहेत आणि ग्वाल्हेरातल्या आपल्याच लष्कर भागात आहेत, हे लोकांना कळावं म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिलं.

तुमच्या बाकावर बसणाऱ्यांसाठी मऊ मलमलचे आठ रुमाल शिवलेत, सोमवारी घेऊन येते. सगळे हातशिलाईचे आहेत, आणि प्रत्येक वेळी सुईत दोरा मीच ओवला.

तुमची,
बाकावरची काकू