एकच तत्त्व घे

प्रिय समीर,

सप्रेम नमस्कार.

तोल, विरोध, लय, पुनरावृत्ती, प्रमाण, दृश्यरचनेची सगळी तत्त्वं अर्ध्या मिनिटाच्या स्टॉप मोशनमध्ये, म्हणजे वस्तू जराजरा सरकवत एकेक फोटो काढून केलेल्या फिल्ममध्ये, बसवायची म्हणतोस? अरे, तो अभ्यासक्रम होईल, फिल्म नाही! एकच तत्त्व घे. मी सध्या तोल घेऊन बसलोय.

छापील पानावर तोल आयता साधलेला असतो. इथे तो आपल्या डोळ्यांदेखत बिघडतो नि सावरतो. माझ्या चौकटीत डावीकडे कागदाचा मोठा काळा चौकोन आहे. उजवीकडून लाल गोल एकेक करत येतात. मध्याजवळ असतात तोवर त्यांना कोणी विचारत नाही. तेच उजव्या कडेकडे सरकले, की इवलेसे असूनही जड वाटू लागतात. मग चौकोन जरासा डाव्या कडेकडे सरकतो. ना नाक ना डोळे, तरी वाटतं की बेट्यानं समजून घेतलं!

खरी मेख आहे ती दोन फोटोंमध्ये वस्तू किती सरकवायची त्यात. सेकंदाला 24 फ्रेम, पण एक फोटो दोन फ्रेम धरला तर 12 पुरतात. म्हणजे 30 सेकंदांना 360 फोटो. चौकोन हलवताना मी आधी जेमतेम 1 मिलिमीटर सरकवतो, मग 2, 4, 7, आणि थांबवताना पुन्हा 4, 2, 1. गोल मात्र पहिल्याच फोटोत 15 मिलिमीटर उडी घेतो. बस, एवढ्यावर कोण जड नि कोण हलकं ते कळतं. दर वेळी सारखंच अंतर ठेवलंस, तर सगळेच निर्जीवपणे घसरत जातील.

बाकी नेहमीचंच. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स तिन्ही मॅन्युअलवर. खिडकी बंद, दिवा एका जागी, नाहीतर चित्र लुकलुकतं. आणि पांढरा शर्ट घालू नकोस, त्याचा उजेड टेबलावर पडतो.

अमूर्त ॲनिमेशन करणाऱ्या ऑस्कर फिशिंगरनं 1947 मध्ये पारदर्शक प्लास्टिकवर तैलरंगानं रंगवत एक फिल्म केली होती, कुंचल्याच्या एकेका फटकाऱ्यानंतर एकेक फ्रेम टिपत. आपलं कागद सरकवणं त्यापुढे आरामाचंच म्हणायचं.

संगीत आत्ताच लावू नकोस. ठेका मिळाला की कच्ची हालचालही खपून जाते. आधी मुकीच बघ.

कुठलं तत्त्व ठरतंय ते कळव. लय सोडून काहीही घे म्हणणार होतो, पण तू तीच घेणार.

तुझा,
अनिरुद्ध